वकीलबाईंना विचारा : ‘ती रडलीसुद्धा नाही म्हणे’

या महिन्याचं टपाल जवळजवळ सगळं एकाच विषयाचं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या एका गावात दीड महिन्याचं तान्हं बाळ घरामागच्या विहिरीत मृत सापडलं आणि दोन दिवसांनी पोलिसांनी त्याच्या आईला अटक केली. खात्रीनं सांगता येईल एवढंच. पत्रं मात्र निकाल लागल्यासारखी आली आहेत. सगळ्या पत्रांतून गावाचं, घराचं आणि जातीचं नाव मी काढून टाकलंय. ज्यांना ते ठाऊक आहे त्यांनी स्वतःजवळच ठेवावं.

एक पत्र आधी घेते, कारण बाकीची थांबू शकतात.

प्रश्न : वकीलबाई, हा प्रश्न कोर्टाचा नाही, पण विचारू कुणाला? धाकटी सून बाळंत होऊन अकरा दिवस झाले. तीन रात्री तिच्या डोळ्याला डोळा नाही. खोलीत नुसती फेऱ्या मारते. बाळाकडं बघून म्हणते, हे माझं नव्हे, बदललंय. मधेच हसते. काल म्हणाली, ‘याला घेऊन जा म्हणून कुणीतरी मला सांगूलालंय.’ शेजारच्या बाया म्हणतात, पाचवीची पूजा नीट झाली नाही, वारं लागलंय, देवरशाला दाखवा. ती बातमी ऐकल्यापासून माझ्या पोटात गोळा आलाय. मुलाला सांगितलं तर अंगावर येतो, ‘माझ्या बायकोला खुनी म्हणतेस काय?’
– एक सासू, बेळगाव तालुका

उत्तर : अक्का, पत्रात फोन नंबर होता म्हणून आपलं बोलणं झालं आणि त्याच संध्याकाळी तुम्ही तिला दवाखान्यात नेलंत. तरी पत्र छापते आहे, कारण असंच चाललेलं आणखी एखादं घर असेल आणि तिथल्या सासूनं पत्र लिहिलेलं नसेल.

बाळंतपणानंतर हजारात एक-दोघींना असा तीव्र मानसिक आजार होतो. बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच. झोप पूर्ण उडते, बोलणं भरकटतं, संशय येतो, कानात आवाज येतात, बाळ आपलं नाही असं वाटतं. मधेच तासभर ती अगदी नेहमीसारखी वागते आणि घरच्यांना वाटतं, चला, उतरलं. तिथंच फसगत होते. पहिल्या आठवड्यात बाळंतीण उगाच रडते, ते वेगळं. महिनोन् महिने मन उदास राहतं, तोही वेगळा आजार, त्यालाही डॉक्टर लागतात. पण ‘कुणीतरी सांगतंय’ हे वाक्य ऐकलं की दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नसते. बाळंतिणीच्या अंगावरून जास्त जायला लागलं तर आपण रात्री बारालासुद्धा गाडी काढतो ना, तसंच हे.

जिथं मानसोपचाराचे डॉक्टर आहेत अशा मोठ्या दवाखान्यात न्यायचं. गाडी नसेल तर १०८. काय करावं सुचत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे फोनवरून मानसिक आजाराबद्दल सल्ला देणाऱ्या सेवेचा, सरकारी नंबर आहे, तिथं भाषा निवडता येते. धारवाडला सरकारी मानसोपचार संस्था आहे. ‘धारवाडला न्यायची वेळ आली’ ही आपल्याकडची शिवी आहे हे मला माहीत आहे. त्या शिवीपायी किती बाया वेळेवर तिथं पोचल्या नाहीत, कोण जाणे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मोठ्या सरकारी मानसोपचार संस्थेत तर २००९ पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवून उपचार करणारा वेगळा विभाग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही तीन वर्षांच्या आतल्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा तोडायचं नसतं. तेव्हा ‘दवाखान्यात घातलं की बाळ काढून घेतात’ या भीतीनं घरात कोंडून ठेवू नका.

दवाखाना गाठेपर्यंत बाळ आणि आई यांना एकटं सोडायचं नाही, रात्रीसुद्धा. बाळ दुसऱ्या कुणाच्या मांडीवर, पण तिच्या नजरेसमोर. हिसकावून घेऊ नका, तिच्याशी वाद घालू नका. तिच्या माहेरी फोन करा, ते चंदगड-गडहिंग्लजकडचे असले तरी, आणि सरळ विचारा की घराण्यात असा आजार कुणाला होता का, तिला स्वतःला आधी कधी झालाय का. लग्न मोडेल म्हणून माहेरचे लपवतात. डॉक्टरांना मात्र ते कळायलाच हवं. देवरशाशी माझं भांडण नाही. अंगारा लावायचा तर लावा, आधी डॉक्टर होऊन जाऊ दे.

आणि तुमच्या मुलाला एवढं वाचून दाखवा : बाळा, तुझ्या आईनं तुझ्या बायकोला आजारी म्हटलंय. उपचारानं बहुतेक बाया पूर्ण बऱ्या होतात.

बातमीतल्या त्या बाईला हेच झालं होतं, असं माझं म्हणणं नाही. ते तिला तपासणारे डॉक्टर सांगतील.

प्रश्न : आमच्या महिला मंडळानं ‘या आईला फाशी द्या’ असं निवेदन तयार केलंय. सोमवारी तहसीलदारांना द्यायचं, पेपरला फोटो द्यायचा. मी शिक्षिका. सही केली नाही तर पालक काय म्हणतील? खरं सांगते, मलाही एक गोष्ट खटकते. अटक करून नेताना ती रडलीसुद्धा नाही म्हणे. सही करू का?
– खानापूर तालुका

उत्तर : नका करू.

तहसीलदारांच्या हातात फाशी नसते. ते निवेदन घेतील, मान डोलावतील, चहा मागवतील. खुनाचा खटला सत्र न्यायालयात चालेल आणि तिथं या कागदाला किंमत शून्य. मंडळाला काही मागायचंच असेल तर हे मागा : शवविच्छेदनाचा अहवाल रखडू नये. आईची मानसिक तपासणी लगेच व्हावी, सहा महिन्यांनी नको. आणि एक माहिती मागा. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं असतं, तसा सरकारी कार्यक्रम आहे. या घरी त्या भेटी झाल्या का? बाळाचं वजन घेतलं असेल, अंग गरम आहे का पाहिलं असेल. आईला झोप लागते का, हे कुणी विचारलं का? या निवेदनावर मी स्वतः सही करीन.

आता रडण्याचं. ते तुम्हाला खटकलं म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही, सगळ्यांनाच खटकतं. १९८० च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियात लिंडी चेंबरलेन नावाची बाई नवरा-मुलांबरोबर उलुरू या अजस्र खडकाजवळ तंबूत मुक्कामाला होती. रात्री तिची नऊ आठवड्यांची मुलगी अझारिया तंबूतून नाहीशी झाली. डिंगोनं, म्हणजे तिथल्या रानकुत्र्यानं, बाळ नेलं असं ती पहिल्यापासून सांगत होती. पहिल्या चौकशीत ते मान्यही झालं. लोकांना मात्र पटेना. ती टीव्हीवर शांतपणे बोलायची, नीटनेटकी दिसायची, आईनं जसं कोसळायला हवं तशी कोसळायची नाही. पुन्हा चौकशी झाली, मग खटला उभा राहिला. मोटारीत बाळाचं रक्त सापडलं असं तज्ज्ञांनी सांगितलं आणि १९८२ मध्ये तिला जन्मठेप झाली. त्या वेळी ती गरोदर होती. १९८६ मध्ये बाळाचं हरवलेलं जाकीट डिंगोंच्या वावराच्या जागेजवळ सापडलं, तेव्हा तिला सोडलं. ते ‘रक्त’ म्हणजे मोटारीचा आवाज कमी करायला कारखान्यात फवारलेला लेप असल्याचं पुढं निघालं. १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली. बाळ डिंगोनंच नेलं हे सरकारी दाखल्यावर यायला २०१२ साल उजाडलं.

तिथली मंडळी आपल्यासारखीच होती. तीही आईच्या चेहऱ्यावरून निकाल वाचत होती.

पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेल्या बाया मी पुष्कळ पाहिल्या आहेत. एक पदराचा काठ सारखा करत बसलेली. एकीनं मला पहिला प्रश्न विचारला तो, ‘म्हशीचं दूध कुणी काढलं असंल?’ एक चक्क झोपलेली. मूल गेलेल्या बाईला दूध भरून येतं, छाती दगड होते, झंपर भिजतो, आणि ठाण्यात ते सांगायचं कुणाला, या एकाच विवंचनेत असलेलीही पाहिली. बाहेर फाटकाशी उभं राहून मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांना एवढंच दिसतं, की बाई रडत नाही.

तुम्ही सही का करू नये याचं खरं कारण पुढं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच एक खटला माझ्याकडे होता, मी आरोपी आईची वकील. गाव, तालुका सांगत नाही. सरकार पक्षानं गल्लीतल्या बायका साक्षीला आणल्या. एकीमागून एक पिंजऱ्यात येऊन सांगू लागल्या, ‘ती रडली न्हाई.’ मी प्रत्येकीला विचारलं, त्या वेळी तुम्ही कुठं होता? एक शेतात भांगलणीला. एक बाजाराला गेलेली. एक तर त्या आठवड्यात माहेरी होती. बोरिंगवर पाणी भरताना जे ऐकलं, ते सगळ्याजणी पाहिलं म्हणून सांगत होत्या. त्यांत एक म्हातारी होती. मागच्या दारानं कोण बाहेर पडलं ते तिनं बहुधा खरंच पाहिलं होतं. पण तिची भाषाही तोवर बाकीच्यांसारखी झाली होती, तेच शब्द, तोच क्रम. कोर्टानं कुणावरच विश्वास ठेवला नाही. आरोपी सुटली. मी वकील, मला बरं वाटलं. त्या बाळाचं काय झालं ते मात्र आजतागायत कुणाला कळलेलं नाही, आणि आता कळणारही नाही.

गावाचा राग असा पुरावा खातो. आई दोषी असली तरी खातो, निर्दोष असली तरी खातो. तुमच्या मंडळातल्या दोन-तीन बायका उद्या साक्षीदार होतील. फाशीच्या निवेदनावर ज्यांची सही आहे त्यांची उलटतपासणी बचावाचा वकील कशी घेईल, हे मला चांगलं ठाऊक आहे. ‘बाई, तुम्ही निकाल आधीच दिला होता ना?’ एवढं एक वाक्य पुरतं.

पालकांना काय सांगायचं? सांगा, वकीलबाईंनी नको म्हटलंय. माझ्या नावावर खपवा.

प्रश्न : मी एका ग्रुपचा अॅडमिन. त्या बाळाचा विहिरीतून काढतानाचा फोटो आणि आईचा लग्नातला फोटो दोन्ही ग्रुपवर आले. सगळ्यांनी ‘श्रद्धांजली’ लिहून पुढं पाठवले. यात गुन्हा काय?
– निपाणी

उत्तर : आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे गुन्ह्यात बळी पडलेल्या मुलाचं नाव, फोटो, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही वर्तमानपत्रात किंवा इतर कुठल्याही माध्यमातून प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. श्रद्धांजली लिहिली म्हणून सूट मिळत नाही. आईचा फोटो आणि गावाचं नाव दिलं की बाळाची ओळख आपोआप पटते, तेव्हा तोही काढा. आज रात्रीच दोन्ही काढून टाका आणि ग्रुपवर तसं लिहा. त्या घरात बाळाची मोठी बहीण आहे असं एका पत्रात होतं. पुढच्या वर्षी ती शाळेत जाईल, त्या शाळेतल्या कुणाच्या तरी घरच्या फोनमध्ये हा फोटो असेल.

प्रश्न : तुमच्यासारखे लोक पुरावा पुरावा करतात. मग हे सांगा. या बाईचं पहिलं मूलही तीन वर्षांपूर्वी झोपेतच गेलं होतं. तेव्हा कुणी संशय घेतला नाही. दोनदा योगायोग होतो का?
– निवृत्त कारकून, शहापूर, बेळगाव

उत्तर : काका, तुमचा प्रश्न बिनतोड वाटतो, आणि नेमक्या याच प्रश्नानं इंग्लंडमधल्या एका आईला तीन वर्षांहून जास्त तुरुंगात ठेवलं. सॅली क्लार्क, स्वतः वकील. तिचे दोन मुलगे तान्हेपणी गेले, एक १९९६ मध्ये, दुसरा १९९८ मध्ये. एका नामांकित बालरोगतज्ज्ञानं कोर्टात सांगितलं, अशा सुखवस्तू घरात एक बाळ अचानक जाण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक. दोन जाण्याची? त्यानं त्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणलं आणि ७ कोटी ३० लाखांत एक, असं उत्तर काढलं. ज्यूरीसमोर, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांसमोर, असा आकडा आला की बाकीचं कोण ऐकतं? १९९९ मध्ये जन्मठेप.

तुम्ही हिशेबात मुरलेले, तुम्हाला चूक दिसेल. दोन घटना एकमेकींशी अगदी असंबद्ध असल्या तरच असा गुणाकार चालतो. इथं घर तेच, आईबाप तेच, रक्त तेच. पहिल्या बाळाला जे अंगातून मिळालं ते दुसऱ्यालाही मिळू शकतं. शिवाय आई दोन बाळांना मारते, हेही फार दुर्मीळ असतं. एक दुर्मीळ गोष्ट दुसऱ्या दुर्मीळ गोष्टीशी ताडून बघायची असते, तसं कुणी पाहिलंच नाही. तिथल्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेनं २००१ मध्ये जाहीरपणे आक्षेप घेतला. दुसऱ्या बाळाच्या शरीरात जंतू सापडल्याचे प्रयोगशाळेचे अहवाल बचाव पक्षाला दाखवलेच नव्हते, हेही बाहेर आलं. २००३ च्या जानेवारीत ती सुटली. २००७ मध्ये ती गेली.

ऑस्ट्रेलियातल्या कॅथलीन फोल्बिगची तर १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत चार मुलं गेली. २००३ मध्ये तिला दोषी ठरवलं, त्यात तिच्या डायरीतल्या ओळींचा मोठा वाटा. माझ्यामुळं झालं, मी वाईट आई, अशा अर्थाचं तिनं लिहिलं होतं. बाळ गेलेली कुठली आई असं म्हणत नाही, तेवढं मला दाखवा. पुढं तिच्या दोन्ही मुलींत हृदयाची लय बिघडवू शकणारा जनुकीय दोष सापडला. २०२३ च्या जूनमध्ये माफी, डिसेंबरमध्ये शिक्षा रद्द. वीस वर्षं गेली.

आता आपल्याकडे या. तीन वर्षांपूर्वी ते मूल गेलं तेव्हा शवविच्छेदन झालं होतं का? बहुधा नाही. तान्ह्या बाळाला आपण दुसऱ्या दिवसापर्यंतही ठेवत नाही, शेताच्या बांधाला नाहीतर ओढ्याकाठी पुरतो आणि आईला ‘दुसरं होईल’ म्हणतो. दंडाधिकाऱ्याच्या आदेशानं पुरलेलं शरीर काढून तपासता येतं, पण इतक्या काळानं हाती काय लागणार? घरात मामाची मुलगी केलेली आहे का, चुलत्या-आत्यांच्या घरात अशी मुलं गेली आहेत का, हे डॉक्टर विचारतील. ते विचारायच्या आधीच गल्ली गुणाकार करून मोकळी झाली आहे. पहिल्या वेळी संशय न घेणं हा हलगर्जीपणा असेल, कबूल. म्हणून पहिला मृत्यू आता पुरावा होत नाही.

आणि एक. इतक्या पत्रांत एकानंही विचारलं नाही की त्या रात्री बाप कुठं होता.

प्रश्न : तिनं पोलिसांसमोर कबूल केलंय. तरी कुणीतरी वकील उभा राहील, वेडाचं सोंग करील आणि बाई सुटेल. वकिलांनी तिचं वकीलपत्र घ्यायचं नाही असा ठरावच करायला हवा. तुम्ही घेतलं असतं का? खरं सांगा.
– एक संतप्त बाप, चिकोडी तालुका

उत्तर : घेतलं असतं. आता मी कोट खुंटीला टांगलाय, नाहीतर आजही घेतलं असतं.

असे ठराव बेकायदेशीर आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच स्पष्ट केलंय. स्त्रीला तर १९८७ च्या कायद्यानं उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. आणि दादा, तुम्हाला शिक्षाच हवी असेल तर तिला चांगला वकील मिळावा अशी प्रार्थना करा. आरोपीला धड वकील न देता ठोठावलेली शिक्षा वरच्या कोर्टात गडगडते.

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात तिच्याविरुद्ध वापरता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हेच होतं, आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य अधिनियमातही आहे. कोठडीत कबुली कशी निघते हे इंग्रजांनाही ठाऊक होतं.

राहिलं सोंग. सुटणं इतकं सोपं असतं तर माझी निम्मी पक्षकार मंडळी घरी असती. डॉक्टर मानसिक आजार आहे म्हणाले म्हणजे झालं, असं नसतं. ते कृत्य करताना आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, हे कळण्याची ताकदच नव्हती असं दाखवावं लागतं, आणि ते दाखवायचं ओझं आरोपीवर असतं. जुन्या भारतीय दंड संहितेत हे कलम ८४ होतं, नव्या भारतीय न्याय संहितेत २२. ते मान्य झालं तरी बाई बॅग घेऊन एसटीत बसत नाही. तिला सुरक्षित ताब्यात ठेवायचं की नातेवाइकांच्या हमीवर सोपवायचं, ते कोर्ट ठरवतं. इंग्लंडमध्ये १९२२ पासून बाळंतपणानं मन बिघडलेल्या आईसाठी वेगळा, सौम्य गुन्हा आहे. १९३८ पासून तो बाळ बारा महिन्यांचं होईपर्यंत लागू होतो. आपल्याकडे तसं काहीच नाही. आपल्याकडे ती सरळ खुनाची आरोपी : जन्मठेप किंवा फाशी. कायदा आयांना लाडावतो, हा तुमचा समज चुकीच्या देशातला आहे.

तुम्ही खाली ‘एक बाप’ अशी सही केलीत. तुमचा राग कुठून येतो ते कळतं मला.

प्रश्न : मी त्यांचा शेजारी. पहाटे विहिरीकडून रहाट फिरल्यागत आवाज ऐकला, एवढंच पोलिसांना सांगितलं. जबाब कन्नडमध्ये लिहिला आणि वाचून दाखवला, निम्मा कळला. त्यात ‘बघितलं’ असं काहीतरी होतं असं वाटतं. सहीही घेतली. आता गावातली पोरं म्हणतात, तू बघितलंस असंच सांग, नाहीतर ती सुटेल. झोप लागत नाही.
– नाव-गाव छापू नये

उत्तर : भाऊ, या सगळ्या पत्रांत काहीतरी खरोखर ऐकलेला माणूस एकटे तुम्हीच दिसता.

भाषेच्या वादात मी इथं शिरत नाही. १९५६ पासून तो चालू आहे, माझ्या सदरात मिटणार नाही. कामाचं तेवढं सांगते. तपासात पोलिसांनी लिहिलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम १८१ तसं सांगतं. घेतली म्हणून तुम्ही त्या कागदाला बांधले गेलात असं नाही. कोर्टात शपथेवर जे सांगाल ती तुमची साक्ष. पोलिसांकडचा जबाब तुमच्या सांगण्यात फरक आहे एवढं दाखवायला वापरतात. फरक दाखवला तर घाबरू नका. ‘मी मराठीत सांगितलं, त्यांनी कन्नडमध्ये लिहिलं, मला पूर्ण कळलं नाही,’ हे शांतपणे सांगा. कोर्टात मराठीत बोला. अडलं तर दुभाष्या मागा. आरोपीलाही न कळणाऱ्या भाषेतली साक्ष तिच्या भाषेत समजावून द्यावी लागते.

आज एक काम करा. वहीच्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहा : किती वाजता जाग आली, कशानं आली, आवाज किती वेळ होता, त्या बाजूला खिडकी आहे का, दिवा होता का, विहिरीला अजून रहाट आहे की मोटर बसवली आहे. शेवटचं नीट आठवा, मोटर असेल तर रहाटाचा आवाज कुठून आला असं पहिल्याच मिनिटाला विचारतील. काय पाहिलं नाही, तेही लिहा. तारीख घाला आणि पेटीत ठेवा. कोर्टाच्या परवानगीनं आठवण ताजी करायला ते टिपण बघता येतं. दुसऱ्या कागदावर ‘मी फक्त आवाज ऐकला, पाहिलं काही नाही’ एवढा अर्ज लिहून ठाण्यात द्या, आणि त्यांच्या शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा.

पोरांना सांगा, बघितलं असं म्हणालो तर वकील विचारेल काय बघितलं, आणि मग मी काय सांगू? कोर्टात खोटं सांगणं हा गुन्हा आहे, त्याची शिक्षा पोरांना नाही, तुम्हाला होईल.

समन्स येईल तेव्हा त्या दिवसाची मजुरी बुडेल. साक्षीदाराला येण्याजाण्याचा खर्च आणि भत्ता मिळतो, बहुतेकांना माहीत नसतं म्हणून ते घेत नाहीत. साक्ष झाल्यावर कोर्टातल्या कारकुनाकडं तो मागा. एसटीचं तिकीट जपून ठेवा.